नागपुरातच खरखरणारी गिटार

बाबनराव सोनकुसऱ्यांच्या डोक्यात ती गोष्ट दाढी करताना शिरली आणि गालावर चांगली बोटभर चीर पडली. गोष्ट अशी, की त्यांच्या पोराची, गिरिधरची गिटार बाहेरगावी म्हणे घंटीसारखी वाजते आणि नागपुरात आली की खर्रर खर्रर करते. आता नागपुरातल्या दर प्रोग्रामला पहिल्या रांगेत कोण बसलेलं असतं? बाबनराव. आणि बाहेरगावी कोण जात नाही? तेही बाबनरावच. एवढं जुळवायला काही मॅट्रिक व्हावं लागत नाही.

"आयकते का वं," त्यांनी गालावर तुरटी दाबत आत आवाज दिला. "मी पनवती हाओ."

वच्छलाबाई चुलीपाशी भाकर थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "हे तुमाले आज समजलं?"

"मस्करी नोको करू. म्या गेलो का गिटार खरखरते. नाई गेलो का चांगली वाजते. माहीच नजर लागून राहिली पोराले."

यावर वच्छलाबाई काहीतरी बोलणार होत्या. तोंडही उघडलं होतं त्यांनी. पण भाकर तव्यावर टाकली आणि एवढंच म्हणाल्या, "रक्त पुसा. सदऱ्यावर पडून राहिलं."

हे सगळं नीट कळायचं तर थोडं मागं जायला पाहिजे. तेव्हा नागपुरात टीव्ही आला नव्हता, आणि गल्लोगल्ली गणपती, शारदादेवी, पोरांचा तान्हा पोळा, जे काही असेल त्याला ऑर्केस्ट्रा लागायचा. ज्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा मोठा त्या मंडळाची मिजास मोठी. गिरिधर ज्या पार्टीत वाजवायचा ती कृष्णकांत मास्तरांची. मास्तर स्वतः अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे, माणूस तापट पण कानाचा पक्का. एक सूर इकडचा तिकडे झाला तर स्टेजवरच असं बघायचे की गाणारीचा पदर सुटायचा.

सोनकुसऱ्यांच्या घरी मात्र आजापणजापासून एकच वाद्य, ते म्हणजे हातमाग. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. गिरिधर काही त्या खड्ड्यात उतरला नाही. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात पोती मोजायच्या कामाला लागला आणि मोहननगरातल्या एका म्हाताऱ्या रेल्वे गार्डाकडून जुनी पोकळ गिटार घेऊन आला. बाबनरावांनी तिला पहिल्या दिवशी जे नाव ठेवलं तेच पुढं चाललं. डबडं. "डबडं वाजवून झालं असंन तं जेवून घे म्हणा त्याले," हे असं, पोरगा समोर बसलेला असताना, बायकोला. गिटारीविषयी बापलेकात थेट बोलणं म्हणून नव्हतंच. वर्षानुवर्षं नव्हतं. पोरगं दिवसभर पोत्यांच्या धुळीत मान खाली घालून राहायचं आणि संध्याकाळी ते डबडं मांडीवर घेतलं की माणसात यायचं, हे वच्छलाबाई बघायच्या. बाबनरावही बघायचे, पण पाठ करून.

मग एक दिवस काय झालं, की बाबनराव साड्या घेऊन इतवारीत गेले. व्यापाऱ्याच्या दुकानात उभं राहायचं, माल दाखवायचा, घासाघीस करायची आणि परत फिरायचं, ही जन्माची रीत. त्या दिवशी व्यापाऱ्याचा पोरगा गल्ल्यावर होता. तो म्हणाला, "सोनकुसरे म्हणजे ते गिटारवाल्या गिरिधरभाऊचे वडील का? बसा ना बाबाजी." आणि त्यानं चक्क गादीवर बसवून चहा पाजला. त्या गादीवर बाबनरावांच्या साड्या आजवर ढिगानं बसल्या होत्या, ते स्वतः कधी बसले नव्हते. चहात साखर जास्त होती, पण त्यांनी बशीसकट चाटून पुसून प्यायला.

घरी आले आणि त्यांना पहिल्यांदा दिसलं की पोरगा गिटार गळ्यात अडकवतो ती सुतळीनं. साधी पोती बांधायची सुतळी. आपण गावभराच्या बायकांना काठपदर नेसवतो आणि आपला पोरगा चार लोकांत सुतळी घालून उभा राहतो? बाबनरावांना ते लागलं. कोणाला न सांगता त्यांनी अरुंद ताणा लावला, काळ्यावर लाल टाकून चार बोटं रुंद पट्टा विणायला घेतला आणि दोन्ही कडांना जरीचा काठ घातला. साडीला घालतात तीच अस्सल जर, रेशमावर चांदीची बारीक तार गुंडाळलेली. जरीची गरज नव्हती. पण काठाशिवाय कापड त्यांच्या मागावरून कधी उतरलंच नव्हतं. बिनकाठाचं कापड म्हणजे पंचा, असं त्यांचं साफ मत. पट्ट्याची टोकं दुमडून, भोकं पाडून, तीही जरीनंच शिवून त्यांनी तो एका दुपारी स्वतः गिटारीला अडकवला आणि मागावर जाऊन बसले.

गिरिधर संध्याकाळी गोदामातून आला. पट्टा बघितला. बराच वेळ बघितला. मग हात धुवून आला आणि पुन्हा बघितला. बाप मागावर, पोरगा ओसरीत, मधे धोट्याचा खटखट आवाज. जेवताना बाबनराव ताटाकडे बघत म्हणाले, "प्रोग्राम कवा हाय तुहा?"

"तान्ह्या पोळ्याले. महालात."

"येतो मी."

वच्छलाबाईंच्या हातून वरणाची पळी भांड्यात पडली.

तर असे बाबनराव तान्ह्या पोळ्याला महाल भागात पहिल्या रांगेत जाऊन बसले. सोबत शेजारचा किराणावाला ईश्वरदास. स्टेजच्या दिव्यांत पट्ट्याचा काठ असा चमकला की गाणारीच्या साडीकडे कोणी बघेना. "पट्टा जबरदस्त हाय बाबनराव," ईश्वरदास म्हणाला. "पण नाकापरीस मोती जड झाला." बाबनरावांना ते कौतुकच वाटलं. गिटार काय वाजते याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, काठ किती लांबून दिसतो हे ते मागं वळून वळून बघत होते. आणि गिरिधरनं पहिल्या तारेला हात लावला तर कर्ण्यातून आवाज आला, खर्रर. चर्रर. खर्रर.

लोक हसले. मास्तरांनी डोळे वटारले. गिरिधरनं गिटार इकडून तिकडे केली, खरखर जरा थांबली, पुन्हा खर्रर. पुऱ्या प्रोग्रामभर हेच.

आता गिटारीची रचना सांगायला पाहिजे. गिटार पोकळ लाकडाची, पण पार्टीच्या गोंगाटात नुसत्या लाकडाचा आवाज कुठं जाणार? म्हणून सीताबर्डीतल्या एका रेडिओवाल्यानं तिच्या पोटात आवाज पकडायचं यंत्र बसवून दिलं होतं. त्याच्या दोन तारा गिटारीच्या बुडाशी बाहेर काढून, पट्टा अडकवायच्या खुंटीला लागूनच एका पत्र्याच्या पट्टीवर कथलानं झाळल्या होत्या. आवाज मोठा करणाऱ्या मशीनकडे जाणारी वायर तिथंच घुसायची. झाळलेले दोन्ही टाके त्यानं उघडेच ठेवले होते. उद्या काही बिघडलं तर गिटार फोडावी लागू नये म्हणून. माणूस दूरदृष्टीचा.

मग खरखरीचा शोध सुरू झाला, आणि तो कसा झाला ते ऐका. आधी वायर बदलली. मग मशीन बदललं. मग आवाज कमीजास्त करायचं बटण खोलून पेट्रोलनं धुतलं, त्या वासानं तबलेवाल्याचं डोकं चढलं. गणपतीत कोणी म्हणालं अर्थिंग नाही, म्हणून स्टेजमागं लोखंडी सळई ठोकून त्यावर बादलीभर पाणी ओतलं, तर गाणारी बाई त्या चिखलात घसरून बसली. कोणी म्हणालं ट्यूबलाइटमुळं होतं. ट्यूबलाइट बंद केल्या तर अंधारात बायकांनी असा गलका केला की खरखर ऐकूच आली नाही, आणि मास्तर म्हणाले, "गेली वाटते." दिवे लागले, ती होतीच.

आणि दर वेळी तपासायची पद्धत एकच. गिटार टेबलावर आडवी ठेवायची. त्याआधी बाबनराव पहिल्या रांगेतून उठून स्टेजवर यायचे. "थांबा, पट्टा काढू द्या. तेलकट हात लावसान." ते स्वतः पट्टा काढायचे, घडी करायचे आणि हातावर घेऊन बाजूला उभे राहायचे, लग्नात शालू धरून उभं राहतात तसे. मग वायर जोडायची, तारा छेडायच्या. टण टण टण. आवाज साफ. "झालं, दुरुस्त झाली," मास्तर म्हणायचे. बाबनराव पट्टा परत अडकवायचे. गिरिधर उभा राहायचा. खर्रर.

गंमत अशी, की पार्टी उमरेडला गेली, भंडाऱ्याला गेली, तिथं गिटारीनं हूं की चूं केलं नाही. मास्तरांना काही सुधरेना. आधी त्यांनी नागपूरच्या विजेला शिव्या घातल्या, मग हवेला, मग गिरिधरला. विसर्जनाच्या प्रोग्रामनंतर त्यांनी सामान बांधताना सर्वांदेखत सांगून टाकलं, "हे पाय गिरिधर. बोटं तुही चांगली आहेत, मी नाही म्हणत नाही. पण नाचता येईना अंगण वाकडं, असं आता लोक मले ऐकवतात. पार्टीले खरखर पार्टी नाव पडलं. शारदेत तुह्या गल्लीत प्रोग्राम आहे. तिथं खरखर आली, तर दुसऱ्या दिवसापासून तुह्या जागी कामठीचा पोरगा उभा राहीन. मंग मले बोल लावू नको."

गिरिधर "हो" म्हणाला. बाबनराव तिथंच पट्टा हातावर घेऊन उभे होते. मास्तरांना चार शब्द सुनवावे असं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण पोराचा चेहरा बघितला आणि आले तसे गिळले. पोरगं पुन्हा नुसतंच पोती मोजणारं होणार. घरी येईपर्यंत दोघं सायकली हातात धरून चालत आले.

आणि त्यानंतर दोनचार दिवसांनी ती दाढी.

पनवतीचा विचार एकदा डोक्यात घुसला तो घुसलाच. बाबनराव मागावर बसत, धोटा टाकत आणि मनाशी म्हणत, इतकी वर्षं डबडं म्हणालो, त्याचंच हे फळ. एकदा वाटे, हे खूळ आहे. एकदा वाटे, खूळ असलं तर असलं, पोराच्या पोटावर कशाला पाय द्या? गल्लीतल्या प्रोग्रामला जायचंच नाही. पण गल्लीतल्याच प्रोग्रामला बाप नाही म्हणजे लोक काय म्हणतील? आणि खरं सांगायचं तर लोकांचं सोडा, त्यांना स्वतःलाच जायचं होतं. फार जायचं होतं. शेवटी त्यांनी ठरवलं की आधी पारखून बघू. शारदेच्याच दिवसांत, गल्लीच्या प्रोग्रामच्या आदल्या संध्याकाळी पार्टीचा प्रोग्राम पारशिवनीला होता. तिथं चोरून जायचं. आपण गेल्यावर तिथंही खरखरली, तर आपण पनवती, विषय संपला. नाही खरखरली, तर उद्या पहिल्या रांगेत.

"पारशिवनीले मामेभावाले भेटून येतो," त्यांनी घरी सांगितलं.

"तुमच्या मामेभावाले तुमी लग्नानंतर भेटले नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "अन् आजच काहून आठवला?"

"आठवला म्हंजे आठवला."

"जाऊ नोका," त्या म्हणाल्या आणि खरंच काळजीनं म्हणाल्या. पण बाबनराव कसले ऐकतात? डोक्याला उपरणं गुंडाळून एसटीत बसले.

पारशिवनीच्या मैदानात मंडप भरला होता. बाबनराव सर्वात मागं, भजेवाल्याच्या गाडीआड, नाकापर्यंत उपरणं ओढून उभे राहिले. भजेवाल्यानं त्यांच्याकडे संशयानं बघितलं आणि पैशाची पेटी जवळ ओढली. स्टेज तिथून हातभर दिसत होतं, माणसं बाहुल्यांएवढी. मास्तरांनी अ‍ॅकॉर्डियन फुलवलं, तबला लागला, आणि मग गिटार आली.

साफ. पाण्यासारखी साफ. एक कण खरखर नाही.

बाबनरावांनी श्वास धरला होता तो सोडला. पुन्हा धरला. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं, गिटार आपली झऱ्यासारखी वाजतेच आहे. ते इथं प्रत्यक्ष उभे आहेत आणि वाजते आहे. म्हणजे ते पनवती नव्हते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या अनोळखी शेतकऱ्याचा दंड धरला. "तो गिटारवाला हाय ना, माहा पोरगा हाय."

"असं का," शेतकरी म्हणाला. "मंग एवढ्या मागं काहून उभे? पुढं जा ना गा."

खरंच की, आता लपायचं काय कारण? बाबनरावांनी उपरणं सोडलं आणि माणसांतून वाट काढत पुढं निघाले. पट्टा इथल्या दिव्यात कसा दिसतो तेही बघायचं होतं. पाच-सहा रांगा उरल्या तेव्हा त्यांना नीट दिसलं.

गिरिधरच्या गळ्यात सुतळी होती.

काळा पट्टा नाही, लाल नाही, जर नाही. तीच जुनी पोत्याची सुतळी. बाबनराव तिथंच थांबले. कोणीतरी मागून "खाली बसा" म्हणालं, तर ते बसले, मातीत. म्हणजे पोरगा पट्टा फक्त आपल्याला दाखवायला घालतो. बाप समोर नसला की काढून टाकतो. त्याला लाज वाटते. वाटणारच, ईश्वरदास म्हणालाच होता, नाकापरीस मोती जड. त्यानंतर गिटार कशी वाजली ते त्यांना सांगता आलं नसतं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते भज्यांच्या धुरानं आलं असं त्यांनी स्वतःला सांगितलं. प्रोग्राम अर्धा टाकून ते मामेभावाच्या घरी गेले आणि तिथं ताटावर बसून दोन घास खाल्ले.

सकाळच्या गाडीनं घरी आले ते सरळ मागावर. त्या दिवशी धोटा असा आपटत होता की ताण्याचे धागे तटातटा तुटले. वच्छलाबाईंनी चहा आणून ठेवला.

"काय झालं?"

"तुह्या पोराले माह्या पट्ट्याची लाज वाटते. पायलं म्या माह्या डोयांनं. पारशिवनीत सुतळी घालून उभा होता."

वच्छलाबाई खाली बसल्या. लुगड्याचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "तसं नाई हाय ते," त्या म्हणाल्या.

"मंग कसं हाय?"

"त्यालेच इचारा. त्यानं मले शपथ देली हाय, मी नाई सांगत. पण इचारा. बापाले तोंड हाय, लेकाले कान हाय. कधीतरी वापरा दोघंबी."

बाबनराव उठले, पायात चपला सरकवल्या आणि निघाले. विचारायला नाही, पट्टा परत घ्यायला. दुपारची वेळ, गल्लीच्या टोकाला शारदेचा मंडप, मंडपात देवीपुढं एक मांजर झोपलेलं आणि स्टेजवर गिरिधर एकटा. गोदामातून सुट्टी काढून आला होता आणि मशीन लावून बसला होता. गिटार मांडीवर, पट्टा शेजारी घडी घालून ठेवलेला.

"दे माहा पट्टा," बाबनराव म्हणाले.

गिरिधरनं वर बघितलं. "काहून बाबा?"

"पारशिवनीत आलो होतो काल. मागं उभा होतो. पायली तुही सुतळी. लाज वाटत होती तं तोंडावर सांगाचं होतं. म्या काही खाल्लं नसतं तुले. माह्यासमोर घालतं अन् माह्या मागं काढतं, हे नाटक कशाले? दे."

गिरिधरचा चेहरा उतरला. त्यानं पट्टा उचलला, पण बापाच्या हातात दिला नाही. गिटारीला अडकवला, वायर घुसवली आणि उभा राहिला.

"आयका," तो म्हणाला आणि तार छेडली.

खर्रर.

मग त्यानं एका बोटानं पट्ट्याचं खालचं टोक खुंटीपासून जरासं वर उचलून धरलं आणि पुन्हा छेडली. टण. साफ. बोट काढलं. खर्रर. उचललं. टण. बाबनराव वाकले. डोळे चांगले होते त्यांचे, रात्रंदिवस बारीक धाग्यावर गेलेले. पट्ट्याच्या भोकाशी जरीचा काठ त्या दोन झाळलेल्या टाक्यांवर बरोबर आडवा पडत होता. गिटार हलली की जर एका टाक्याला लागायची, दुसऱ्याला लागायची, दोघांना मिळून लागायची आणि दोन्ही तारा जरीतून भिडून आवाज तुटायचा.

"जरीत चांदी हाय," बाबनराव हळूच म्हणाले.

"हो."

"अन् तपासताना म्या दर खेपी पट्टा काढून घेत होतो."

"हो," गिरिधर म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. "तुमी काढत होते अन् मास्तर म्हणत, दुरुस्त झाली. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाली घालून पायला. वाजवता वाजवता सरकते तो."

बाबनराव हसले नाहीत. "तुले कवा समजलं?"

"गणपती बसले तवा."

"इतके दिवस?" त्यांचा आवाज चढला. "तुही जागा जाऊन राहिली अन् तू चूप? सुतळी घालून उभा राहिला असता नागपुरात! मले एका शब्दानं सांगतलं काहून नाई?"

गिरिधर गिटारीच्या खुंट्या उगाच पिळत राहिला. "तुमी येऊन राहिले होते ना, बाबा," तो म्हणाला. "सुतळी दिसली असती तं तुमी उठून गेले असते. मंग आले नसते."

बाबनराव स्टेजच्या कडेवर बसले. आपण तिथं पट्टा बघायला जात होतो, आणि हे पोरगं खरखर सोसून, लोकांचं हसणं सोसून, मास्तरांच्या शिव्या खाऊन आपल्याला तिथं बसवून घेत होतं. त्यांनी पोराकडे बघितलं.

"सुई हाय का?" ते शेवटी म्हणाले.

सुई मंडपवाल्याकडे मिळाली, कनात शिवायची, जाड. बाबनरावांनी पट्ट्याचं टोक मांडीवर घेतलं आणि जरीचा पहिला धागा उचकटला. जन्मभर विणलेल्या हातांना उसवायचं काम येत नव्हतं, धागा दोनदा निसटला.

"बाबा, राहू द्या," गिरिधर म्हणाला. "सुतळी आहे ना. काठ खराब होईन."

"होऊ दे. काठ म्या माह्यासाठी घातला होता, तुह्यासाठी नाई." त्यांनी दातानं धागा धरून ओढला. "तू ते मशीन लाव. वाजवून पाय. म्या उसवतो, तू वाजव."

हातभर जर निघाली. शिलाईचीही जर काढून तिथं त्यांनी साधं सूत घातलं. गिरिधरनं पट्टा गळ्यात घातला, उभा राहिला, वाकला, वळला, अगदी उडीही मारली. गिटारीनं चकार शब्द काढला नाही. तेवढ्यात कृष्णकांत मास्तर सायकल टेकवून आत आले आणि कानोसा घेत उभे राहिले.

"अरे, उभं राहूनही साफ! कुठं होता बिघाड?"

"माह्याच हातात होता, मास्तर," बाबनराव म्हणाले. "तुमी गिटार तपासत होते, तवा म्या तो घेऊन बाजूले उभा राहत होतो."

मास्तरांनी उसवलेला पट्टा बघितला, टाके बघितले, आणि कपाळावर हात मारून घेतला. "काखेत कळसा अन् गावाला वळसा! अन् मी त्या बाईले चिखलात पाडलं." मग त्यांना एकदम आठवलं. "आता कामठीच्या पोराले काय सांगू?"

"सांगा, जागा भरली," बाबनराव म्हणाले.

संध्याकाळी आरती झाली, गल्ली गच्च भरली. वच्छलाबाई बायकांत बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं मान लांब करून नवऱ्याकडे बघत होत्या. पहिल्या रांगेत बाबनरावांची खुर्ची ईश्वरदासनं रुमाल टाकून राखली होती. ते आले, बसले. दिवे लागले. गिरिधरनं एकदा समोर बघितलं, बाप जागेवर आहे हे पक्कं केलं आणि तारेला हात लावला.

पहिलं गाणं संपायच्या आत बाबनरावांनी डोळे मिटले. पट्टा दिसत नव्हता, लोक दिसत नव्हते, नुसता सूर येत होता, एकामागून एक, सुटा सुटा आणि तरी जोडलेला. हे पोरगं घरात इतकी वर्षं वाजवत होतं. भिंतीपलीकडे. त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं आणि आज जवळपास भज्यांची गाडीही नव्हती.

ईश्वरदासनं कोपरानं ढोसलं. "बाबनराव, झोप लागली का गा?"

"नाई," बाबनराव म्हणाले. "आयकून राहिलो."